कॅमचे चार बोल्ट

दीड महिना माझ्या शर्टाच्या खिशात एक तुटका बोल्ट होता. शर्ट बदलला की त्याचीही बदली व्हायची. आईला तो एकदा धुण्यात सापडला, तिने खिडकीत ठेवला, तर मी तिच्यावर उगाच खेकसलो. तो पुरावा होता. कुणाविरुद्ध, तेही मला पक्कं ठाऊक आहे असं तेव्हा वाटत होतं.

आधी गाडीबद्दल सांगतो. महाडला नाते गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं आणि दीपकचं गॅरेज आहे. दिवसभर स्कूटर, रिक्षा, कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या मोटरसायकली. मागच्या खोलीत मात्र एक गाडी उभी असते जिला आरसे नाहीत, दिवा नाही, नंबरप्लेटही नाही. चार सिलिंडरची जुनी जपानी गाडी. अपघातात मोडलेली घेऊन आम्ही दोघांनी तीन वर्षं खपून ती ड्रॅग रेसिंगसाठी उभी केली. ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या, सरळ धावपट्टी, चारशे दोन मीटर, आणि दहाएक सेकंदांत खेळ खलास. घाटावर एका खाजगी धावपट्टीवर दर हिवाळ्यात तीन फेऱ्यांची मालिका होते. तिथे आमची गाडी चालवते माझी धाकटी बहीण निशा. आठवडाभर ती सरकारी कचेरीत कारकुनी करते. तिथल्या साहेबाला ती सुट्टी कशासाठी घेते ते अजून कळलेलं नाही.

आता बोल्ट. इंजिनाच्या डोक्यात दोन कॅम असतात, ते व्हॉल्व्हची उघडझाप करतात. प्रत्येक कॅमच्या टोकाला एक दातेरी चाक, आणि ते चाक कॅमला दोन बोल्टांनी धरलेलं. करंगळीच्या पेराएवढे बोल्ट, असे चार. आम्ही चाकांची भोकं लांबट करून घेतली होती, म्हणजे कॅम थोडा पुढेमागे सरकवून इंजिनाची ताकद वाढवता येते. त्यामुळे सगळी भिस्त त्या चार बोल्टांवर. एक जरी गेला तरी चाक सरकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, इंजिन जागच्या जागी अडकतं आणि मागचं चाक थांबतं. दोनशेच्या वेगात मागचं चाक थांबलं की काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिल्या फेरीत पाहिलं. निशा तीनशे मीटरवर होती. आवाज तुटला, गाडी आडवी झाली, आणि माझी बहीण धावपट्टीवर घसरत गेली ती कुठे थांबेल तेच कळेना. गळ्याजवळचं हाड मोडलं. आत पट्टी बसवावी लागली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पुन्हा त्याच खांद्यावर पडली तर हात कायमचा जाईल.

दवाखान्यातून घरी आल्यावर आईने मला पडवीत बोलावलं. माझी आई जानकीबाई, कमी बोलते. म्हणाली, "ती बसणारच हाय गाडीवर. मी नको म्हटलं म्हणून ऐकंल असं वाटतं काय तुला? पण इंजिन तुझं हाय. पुन्हा पडली तर मी तिला नाय, तुला विचारीन."

त्या वेळी तुटलेला बोल्ट गाडीबरोबर आलेला, वीस वर्षांचा होता. मी जुन्या लोखंडाला दोष दिला आणि मोकळा झालो. आम्ही नवं हेड, नवे व्हॉल्व्ह, नवेकोरे बोल्ट बसवले. सहा आठवड्यांनी दुसरी फेरी. निशा अजून बसण्याजोगी नव्हती, पण फेरी बुडवली तर मालिकेतून नाव जाणार, म्हणून खांदा बांधून उभी राहिली. सुरुवातीच्या रेघेमागे मागचं चाक जागच्या जागी फिरवून टायर गरम करताना, गाडी उभी असताना, पुन्हा तोच आवाज आला. तोच बोल्ट, एग्झॉस्टच्या बाजूचा. या वेळी ती पडली नाही, कारण पडायला वेगच नव्हता. मी तेलाच्या चेंबरमधून बोल्टचं मुंडकं काढलं, कॅममध्ये राहिलेला तुकडाही काढला, दोन्ही पुसून खिशात टाकले. दीपक हात पुढे करून म्हणाला, "बघू." मी म्हटलं, "नंतर."

नवा बोल्ट स्वतःहून तुटत नाही. कुणीतरी तो सैल करून ठेवत असणार, सैल बोल्ट हादऱ्यांनी तुटतो, असं माझं गणित. आणि ते बोल्ट शेवटचे आवळायचा दीपक. टॉर्क पाना त्याच्या हातात असतो. ठरलेल्या जोराला पाना टक् करतो, की थांबायचं. हात त्याचा हलका आहे, म्हणून ते काम पहिल्यापासून त्याचंच.

संशय आला की माणूस सगळं जुनं उकरायला घेतो. मी तर फावडंच घेतलं. दीपकला पुण्याच्या एका रेसिंगवाल्याचे फोन यायचे, आणि फोन आला की तो रस्त्यापलीकडे जाऊन बोलायचा. माझ्यासमोर बोलायला काय झालं होतं? निशा पडली तेव्हा तो माझ्याआधी तिच्याजवळ पोचला होता. म्हणजे आधीच तयारीत होता काय? इतकंच नाही. दहा वर्षांपूर्वी त्याच्या चुलतभावाच्या लग्नात मला मुंबईच्या पाहुण्यांबरोबर टेबलावर जेवायला बसवलं होतं. त्याचं घर जमीनजुमलेवालं, मी बौद्धवाडीतला. दहा वर्षं मी ते टेबल मान समजून मिरवत होतो. आता मला वाटू लागलं की मला पंगतीत बसवायचं टाळायला ती युक्ती होती. एका बोल्टपायी मी कुठवर गेलो होतो बघा.

तिसरी आणि शेवटची फेरी पाच आठवड्यांवर आली. पहिल्या दिवशी पडण्याआधी निशाने मालिकेतली सगळ्यात कमी वेळ नोंदवली होती, त्यामुळे अजून संधी होती. शेवटच्या फेरीचा अंतिम सामना जिंकला तर मालिका तिची. इंजिन पुन्हा उभं केलं. दीपकने बोल्ट आवळले. तो जेवायला गेला आणि मी कॅमवरचं कव्हर काढून चारी बोल्टांना पान्याने आणखी एकेक हात दिला. एवढासाच, पाव फिरकीही नाही.

याला मी हात लावणं धरतच नव्हतो, कारण ती आमची शिस्तच होती. मी आणि दीपक दोघेही पोलादपूरला सोनबा मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो. आंबेनळी घाट चढणाऱ्या जीपा आणि टेम्पो त्यांच्याकडे यायचे. घाटाची गाडी असली की तिच्या जवळून जाणाऱ्या प्रत्येकाने पाना घ्यायचा आणि चाकाचे नट एकदा आवळायचे. आधी कुणी आवळलेत काय, असं विचारायचं नाही. विचारलं तर मिस्त्री पाना फेकून मारायचे. त्यांच्या हातची एकही गाडी घाटात चाक सोडून गेली नाही. सुट्टीत आमच्या मागे यायची तेव्हा निशाही तिथे नट आवळायची, दोन्ही पाय टेकवून, ओठ चावून.

तर मी हात दिला, आणि मग सापळा लावला. निशाच्या कपाटातलं लाल नेलपेंट आणून प्रत्येक बोल्टवर एक बारीक रेघ ओढली, अर्धी बोल्टवर आणि अर्धी चाकावर. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटणार. कव्हर लावून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कव्हर काढलं तर चारही रेघा तुटलेल्या. मला घाम फुटला आणि बरंही वाटलं. संशय खरा ठरला की असं होतं, लाज वाटण्यासारखंच आहे ते, पण होतं खरं. रेघ कुठल्या बाजूला सरकली आहे, बोल्ट सैल झालाय की घट्ट, हे बघण्याचं मात्र मला सुचलं नाही. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं.

दुपारी आई डबा घेऊन आली, निशाही शनिवार म्हणून तिथे होती. मी सगळ्यांसमोर कव्हर काढून ठेवलं.

"या बोल्टांना कुणी हात लावला?"

दीपकने वाकून बघितलं. त्याचा चेहरा उतरला. "नाय बा. मी आवळून ठेवले ते ठेवले."

"निशा?"

"मला काय विचारतंस? इंजिन तुमचं," ती म्हणाली.

"मी तर हात लावलाच नाय," मी म्हटलं. "दीपकने आवळल्यापासून या बोल्टांना माझं बोटही लागलं नाय. आयेसमोर सांगतो. गॅरेजच्या चाव्या दोन. एक माझ्याकडं, एक तुझ्याकडं, दीपक. पुण्याचा तो तुला फोन करतो तो कशाला?"

दीपकने खिशातून चावी काढली आणि टाकीवर ठेवली. "निशाच्या जिवाशी मी खेळीन असं वाटतं तुला?"

तो हात धुवून, मोटरसायकल काढून पोलादपूरकडे निघून गेला. आईने डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला. निशा माझ्याकडे बघत होती, आणि ती दीपकसाठी हळहळतेय असं समजून मी तिच्यावरही चिडलो.

मी नवे बोल्ट आणले. या वेळी टॉर्क पाना मीच धरला. पाना टक् झाला, आणि मग सवयीने एकेक हात दिला. नव्या रेघा ओढल्या. आता गॅरेजात मी एकटाच होतो, चावीही एकच. चार दिवसांनी, बुधवारी, कव्हर काढलं. रेघा तुटलेल्या.

दीपक चार दिवस पोलादपूरच्या खाली उतरला नव्हता. मी खुर्चीत बसलो आणि बसूनच राहिलो. मग डोकं पुन्हा पळू लागलं. शेजारच्या पंक्चरवाल्या चंदूच्या दुकानाची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे. पत्र्याची फट आहे. चंदू गेल्या आठवड्यात चहा देताना जरा जास्तच गोड बोलला होता. घरी एक जादा चावी खिळ्याला टांगलेली असते हे मला आठवलं, आणि क्षणभर मी आईवरही संशय घेतला. निशा रेसिंगमधून बाहेर पडावी म्हणून आई असं करू शकेल काय? आईला पाना कसा धरतात तेही ठाऊक नाही.

गुरुवारी मी खिशातला बोल्ट घेऊन अनुपमाकडे गेलो. ही माझी आयटीआयची वर्गमैत्रीण, आता एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तयार माल तपासते. तिने बोल्टचे दोन्ही तुकडे भिंगाखाली धरले, व्हर्नियरने मोजले, मग नवा बोल्ट मोजला.

"तू काय समजत होतास?" तिने विचारलं.

"कुणीतरी सैल करून ठेवतो."

"सैल? अरे, उलट आहे. हा बघ, मध्ये बारीक झालाय. लांबी वाढलीये. आवळून आवळून ताणलाय याला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एवढासा बोल्ट, त्याला सोसेल तेवढंच सोसेल." तिने तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. "कुणी तुझं वाईट करायला बघतोय असं दिसत नाही. उलट कुणीतरी फारच काळजी घेतंय."

मी गॅरेजात परत आलो. माझा एक हात त्यात होता हे मला कळलं, पण तेवढ्याने बोल्ट तुटला नसता. आणि रेघा मी हात दिल्यावर ओढल्या होत्या. म्हणजे माझ्यामागून आणखी कुणीतरी होतं.

शुक्रवारी घरी सांगितलं की पनवेलला सामान आणायला जातो, दिवस जाईल. मोटरसायकल एसटी स्टँडवर ठेवली आणि चालत मागच्या बाजूने गॅरेजात येऊन ताडपत्रीमागे बसलो. चाळिशीच्या जवळ आलेला माणूस, ताडपत्रीमागे, गुडघे छातीशी घेऊन. दुपारी सव्वा वाजता कुलपात चावी फिरली.

निशा आली. जेवणाच्या सुट्टीत आली होती, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र तसंच. तिने टाकी उचलून बाजूला ठेवली, कव्हरचे स्क्रू काढले. डावा हात अजून नीट वर जात नव्हता, तेव्हा एकदा थांबली, खांदा चोळला, परत कामाला लागली. मग बारीक पाना घेऊन तिने चारही बोल्टांना एकेक हात दिला. दोन्ही पाय टेकवून, ओठ चावून.

मी ताडपत्री बाजूला केली. ती दचकली, पण ओरडली नाही.

"पनवेलला गेला होतास ना?" ती म्हणाली.

"काय करतेस तू हे?"

"तू करतोस तेच."

"मी काय करतो?"

"दादा, आता तरी नको." तिने पाना खाली ठेवला. "दुसऱ्या फेरीच्या आधी मी हेल्मेट न्यायला आले होते. तू इथं उभा होतास, पाना घेऊन. दीपकदादा जेवायला गेला होता. मला वाटलं, हा त्याचं काम तपासतो, म्हणजे दीपकदादाचा हात चुकतो की काय. मग मी पण तपासायला लागले. घरच्या चावीनं. पडणार तर मी ना?"

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलली का नायस?"

"तू बोललास काय?" तिचा आवाज चढला. "आयेसमोर म्हणालास, माझं बोटही लागलं नाय. मी डोळ्यांनी बघितलं होतं तुला. तेव्हापासून तर मी रोज येते. तू माझ्या तोंडावर खोटं बोलतोस, आणि त्याच इंजिनावर मला बसवतोस. मी कुणाच्या भरवशावर बसू, सांग ना."

मी म्हटलं, "खोटं नव्हतं ते. मी ते हात लावण्यात धरत नव्हतो." बोलून झाल्यावर मलाच ते ऐकवेना.

"आणि तुला आणखी एक सांगते," ती म्हणाली. "त्या शनिवारच्या रेघा मी पहाटे यायच्या आधीच तुटलेल्या होत्या."

आम्ही दोघं तशीच पोलादपूरला गेलो, तिने कचेरीत फोन करून डोकं दुखतं म्हणून सांगितलं. आंबेनळीच्या रस्त्याला लागल्यावर डाव्या हाताला दीपकचं घर. तो आणि त्याचे वडील भागोजीकाका वालाच्या शेंगा काढत होते. दीपकने आम्हाला बघितलं, आणि शेंगा तोडत राहिला.

मी बांधावर उभं राहून सगळं सांगितलं. अनुपमा काय म्हणाली ते, निशाचं, माझं. "चुकलं माझं," म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाहीत, आईला विचारा.

दीपक उठला. "मी पण आवळले," तो म्हणाला.

"कधी?"

"तू आवळलेस हे मला कळायचं. बोल्टच्या डोक्यावर पान्याचा नवा ओरखडा असायचा. मला वाटायचं, याचा हात जड, एका बोल्टला जास्त गेला असंल, दुसऱ्याला कमी. म्हणून संध्याकाळी मी चारी सारखे करून ठेवायचो. मिस्त्रींनी शिकवलं तसं. त्या दिवशी लाल रेघ दिसली, ती पण तुझी आवळल्याची खूण समजलो." त्याने शेंगांची टोपली उचलली. "तू विचारलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांत असं काय होतं, माझ्या तोंडून नायच आलं."

तिघं होतो त्या दिवशी. तिघांनी बोल्ट आवळले होते, आणि तिघं नाही म्हणालो होतो.

"आणि पुण्याचे फोन?"

"त्याला मीच विचारत होतो, बोल्ट का तुटतो म्हणून. तो म्हणायचा, तुटलेला पाठवून दे, बघून सांगतो. बोल्ट तुझ्या खिशात. मागितला असता तर म्हणाला असतास, पुरावा गायब करतो. तुझ्यासमोर कसा बोलू?"

मी खिशातून बोल्ट काढून त्याला दिला. लग्नातल्या टेबलाबद्दल विचारायचं ओठांवर आलं होतं. भागोजीकाका घरातून चहा घेऊन आले, तेव्हा विचारलं नाही. ते अजूनही विचारलेलं नाही.

पुढचं सगळं निशाने ठरवलं. नवे बोल्ट दीपकने आवळायचे, पाना टक् झाला की थांबायचं, आणि त्यानंतर तिघांपैकी कुणीही, कुठल्याही कारणाने, कव्हर उघडायचं नाही. मी म्हटलं, कव्हरला सील लावू या, म्हणजे प्रश्नच नको. निशा म्हणाली, "सील कशाला? तिघंच तर आहोत." मला त्या वाक्याचा फार आनंद झाला होता, हे कबूल करतो.

दीपकने बोल्ट आवळले तेव्हा मी बाहेर रस्त्यावर उभा होतो. आवळल्यावर निशाने प्रत्येक बोल्टवर स्वतःच्या हाताने रेघ ओढली. तीन आठवडे मी त्या गाडीजवळून जाताना हात मागे बांधून जायचो. चंदूने विचारलं, पाठ दुखते काय. मी हो म्हटलं.

शेवटची फेरी. सकाळपासून इंजिन मऊ चाललं होतं. पहिली धाव, दुसरी, मग उपांत्य. प्रत्येक वेळी तीनशे मीटरच्या खांबाजवळ माझा श्वास अडकायचा आणि ती पुढे निघून जायची. उपांत्य फेरीत तिने दहा सेकंदांच्या आत वेळ दिली, पहिल्यांदाच. परत येऊन हेल्मेट काढलं तेव्हा ती हसत होती. पडल्यापासून गाडीवरून उतरताना तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. आता फक्त अंतिम सामना उरला होता.

मध्ये अर्धा तास होता. दीपकला कागद दाखवायला पंचांच्या टेबलाकडे बोलावलं. निशा पाणी प्यायला आणि तोंड धुवायला गेली. मी गाडीजवळ एकटा राहिलो.

इंजिन निवत होतं, टिक् टिक् करत. तीन धावा झाल्या होत्या त्या बोल्टांवर. एखादा सैल झाला असेल तर? आवळायचं नाही, नुसता पाना लावून अंदाज घ्यायचा. मी पेटी उघडली, पाना हातात घेतला. मग अनुपमाच्या भिंगाखालचा तो बारीक झालेला बोल्ट आठवला, आईही आठवली. मी पाना पेटीत ठेवला. खरोखर ठेवला. पेटीचं झाकण लावत होतो आणि मान वर केली, तर निशा समोर उभी.

तिने हातमोजे चढवले, हेल्मेट घातलं आणि ती गाडीवर बसली. लाउडस्पीकरवर आमच्या गाडीचा नंबर पुकारला. पहिला पुकारा. तीन झाले की गाडी रेघेवर पाहिजे, नाहीतर समोरचा एकटा धावतो आणि जिंकतो.

तिने हेल्मेटची काच वर केली.

"दादा, हात लावलास?"

"नाय."

"खरं सांग."

"निशा, नाय लावला. पाना काढला होता. परत ठेवला. आयेची शपथ."

दीपक धावत आला होता. तिने त्याच्याकडे बघितलं. दीपक माझ्याकडे बघून म्हणाला, "मी इथं नव्हतो गो. मी कसं सांगू?" तो खरंच बोलत होता.

दुसरा पुकारा झाला. निशा तशीच बसून होती. तिचा डावा हात क्लचवर होता. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, त्यात काहीतरी शोधत. मला वाटलं, आता काच खाली करील. मी मनातल्या मनात तिला विनवत होतो, यावेळी ऐक. यावेळी मी खरं बोलतोय.

तिने हेल्मेट काढलं. "उघड," ती दीपकला म्हणाली.

दीपकने टाकी उचलली, कव्हरचे स्क्रू काढायला घेतले. तिसरा पुकारा झाला. तो अर्ध्यावर असताना पलीकडे एकच गाडी सुटल्याचा आवाज आला, चढत गेला, लांब गेला, आणि टाळ्या वाजल्या.

कव्हर निघालं. निशाने वाकून एकेक बोल्टवर बोट फिरवलं. चारही रेघा जशाच्या तशा होत्या.

"नव्हता लावलास," ती म्हणाली. मग तिथेच टायरला टेकून खाली बसली आणि रडू लागली. "माफ कर, दादा. मी बसू शकले नाय. मला बसायचं होतं, पण नाय बसू शकले."

मला तिचा राग आला नाही. माझ्यासारख्या तापट माणसाला राग आला नाही, याचंच नवल वाटलं. मी दीड महिना सगळ्यांकडे खरं मागत फिरलो होतो, आणि ज्या एका वेळी मी स्वतः खरं बोललो तेव्हा ते ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. ते मीच संपवलं होतं. हे मला तिला सांगायचं होतं. पण मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो.

थोड्या वेळाने दीपक कव्हर परत लावायला लागला. एक स्क्रू खाली पडला, माझ्या पायाशी. मी वाकून उचलला, त्याच्या हातात दिला, आणि त्याने मागितलं नव्हतं तरी दोन पावलं मागे सरकून उभा राहिलो.